ताश्कंद मावशींची निळी ताटली

ताश्कंद मावशींच्या घरी चांगली भांडी पाहुण्यांसाठी राखून ठेवायची पद्धत नव्हती. रोजचा साधा वरणभातसुद्धा त्या हाताने रंगवलेल्या उझबेक ताटलीत घ्यायच्या. गर्द निळी ताटली, मधोमध डाळिंब, कडेने पांढरी वेलबुट्टी. "शोकेसमध्ये ठेवायला ती काय ट्रॉफी आहे?" असं वर म्हणायच्या.

मूळच्या त्या सांगलीच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे तरुणपणी काही वर्षं ताश्कंदला होत्या. रिश्तान गावच्या एका कुंभाराकडून त्यांनी ही भांडी घेतली होती. पुढे मुलीच्या, अनघाच्या मागोमाग ऑस्ट्रेलियात येताना साड्या सांगलीत राहिल्या, भांडी आली. वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत शिकताना मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहिले.

मी घरात शिरताच त्यांनी मला बजावलं : मायक्रोवेव्ह नाही, डिशवॉशर नाही, तारेची घासणी तर नाहीच. कोमट पाणी, मऊ स्पंज, आणि धुतल्या धुतल्या कोरडं करायचं. भिजत ठेवलं की बारीक चिरांतून पाणी आत मुरतं. लोणचं काचेच्या वाटीत, कारण आंबटाने झिलई जाते. "निगा राखायची, लपवायचं नाही," हे त्यांचं पालुपद.

मी दूर टूवूंबाला नोकरीला गेले आणि तिकडे मावशींना पार्किन्सन्स झाला. अनघा त्यांना सिडनीत, गिरावीनला, आपल्या घरी न्यायला तयार होती. "तिथे मला कोण ओळखतं?" म्हणत मावशींनी वॉलॉंगॉंगमधलंच एक एज्ड केअर होम निवडलं.

त्या तिथे राहायला गेल्या, त्या वीकेंडला मीही गेले होते. दुपारी त्यांच्यापुढे प्लास्टिकची कप्प्याकप्प्यांची थाळी आली. मावशींनी ती सरळ बाजूला सारली आणि आपली ताटली मागितली.

"इट्स फॉर युअर सेफ्टी, डार्लिंग," मॅनेजर म्हणाली.

"आई, प्लीज, सीन नको ना करूस," अनघा कुजबुजली.

"सीन ती करतेय. मी जेवायला बसलेय."

मॅनेजरने समजावलं, इथे सगळं मशीनमध्ये धुतलं जातं, हाताने धुवायला स्टाफला वेळ नाही. "आय विल वॉश," मावशी म्हणाल्या. "पण तुमचे हात थरथरतात," मॅनेजर. "थरथरतात, गळून नाही पडले," मावशी मराठीतच उत्तरल्या आणि अनघाला म्हणाल्या, "सांग तिला."

मग काही दिवस त्यांनी केळी-बिस्किटांवर काढले. शेवटी मॅनेजरच टेकीला आली.

तेव्हापासून मावशी खोलीतल्या बेसिनपाशी खुर्ची घेऊन बसायच्या, बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरायच्या आणि आपली ताटली आपण धुवायच्या. वेळ लागायचा, मदत चालायची नाही. एकदा एक वाडगा निसटून फुटला. नर्स धावत आली. मावशी तुकड्यांकडे बघत म्हणाल्या, "वापरात गेला. चांगलं मरण आलं त्याला."

त्यांच्या टेबलावर पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समधून रिटायर झालेले टोनी बसायचे. मावशींचं बघून त्यांनीही मुलाकडून आपला घरचा सूपचा जाड बाऊल मागवून घेतला. मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या, पण हरकत घेतली नाही.

हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. सामान न्यायला अनघाबरोबर मी गेले. ताटल्यांचं खोकं घेऊन आम्ही डायनिंग हॉलमधून निघालो, तेव्हा जेवण वाढणं चालू होतं. टोनींपुढे त्यांच्या बाऊलऐवजी प्लास्टिकची थाळी आली. सवलत मावशींपुरती होती, असं आता ठरलं होतं म्हणे.

"नॉट दिस, लव्ह," टोनी वाढणाऱ्या मुलीला म्हणाले. "आय कॅन वेट."

त्यांनी थाळी मागे सारली आणि हाताची घडी घातली. शेजारच्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं, आपलीही थाळी सारली. मग समोरच्या आजोबांनी. मुलगी मॅनेजरला बोलवायला पळाली.

अनघाने खोकं टेबलावर ठेवलं, चिकटपट्टी ओढून काढली आणि एकेक निळी ताटली त्यांच्यापुढे मांडायला लागली.