कट्टा बसणारी स्कूटर

स्कूटर चालवणार मी, तिच्यावरून पडणार मी, भर हायवेवर ट्रकवाल्यांच्या शिव्या खाणार मी, आणि ती पसंत कोणी केली, तर भासऱ्यांनी. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, ते अंगणात आले की डोक्यावर पदर घेऊन आत जायचं. शहापूरच्या या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. भाजीत मीठ कमी पडलं का, हेसुद्धा नवऱ्याच्या नाहीतर जावेच्या तोंडून विचारायचं. इतकी वर्षं त्यात माझं काही अडलं नव्हतं. अडलं ते स्कूटरपाशी.

मी भंडाऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. सकाळी सकाळी लोकांच्या घरी जायचं, उपाशीपोटी रक्त काढायचं आणि नळ्या लॅबमध्ये नेऊन द्यायच्या. बहुतेक सगळी म्हातारी माणसं. हाताच्या शिरा दिसत नाहीत, कातडी कागदासारखी. पण माझा हात हलका. "तुमची सुई लागली तं समजतच नाही बाई," असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार बरं वाटायचं. ते काम माझं होतं. घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

पण शहापूरहून भंडाऱ्याला निघणारा ऑटो काही माझ्या मर्जीनं चालत नव्हता. सीट भरल्याशिवाय तो हलतच नाही. मागं माणसं कोंबली, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना लटकली, तरी याचं आपलं, "एक सवारी येऊन राहिली, पाच मिनिटं." अशीच एका सकाळी शुगरच्या एका आजोबांकडे पोहोचायला मला उशीर झाला. माझी वाट पाहत ते चहाचा घोटही न घेता बसलेले. मी गेले तेव्हा चक्कर येऊन ओसरीत आडवे झाले होते. त्यांच्या सुनेनं माझा उभा उद्धार केला, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. लॅबच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "ताई, हात चांगला आहे तुमचा, म्हणून सांगून राहिलो. पुढच्या महिन्यापासून स्वतःची गाडी पाहिजे. नाही जमलं, तर मला दुसरं माणूस पाहावं लागेल."

घरी येऊन मी नवऱ्याला शब्दन् शब्द सांगितला. आमचं घर एकत्र, धानाची शेती एकत्र. फाटकातून बैल आत येवो की मोटारपंप, तो भासऱ्यांनीच पाहून घ्यायचा, ही घरची रीत. म्हणून मी नवऱ्याला बजावलं, "भाऊले नीट सांगा जी. गाडी नाही आली तं काम जाते माहं."

"सांगतो ना."

दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना विचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं म्हटलं ना."

झालं, मी निर्धास्त झाले. आता फक्त गाडी कोणती, एवढाच प्रश्न उरला. पेट्रोलची घेतली तर पगार टाकीतच जाणार, म्हणून चार्जिंगवाली घ्यायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. दुपारी लॅबमधून सुटले की मी शोरूम पालथी घालायची. लोक लग्नाला मुलगी पाहत नाहीत इतक्या बारकाईनं मी त्या गाड्या पाहिल्या.

सगळ्यात स्वस्त होती ती छोटी. ताशी पंचवीसच्या वर पळतच नाही, म्हणून तिला नंबर नको, चालवायला लायसनही नको. आत बॅटरी मात्र शिशाची, इन्व्हर्टरला असते तशी, वजनाला धोंडा. गल्लीतल्या गल्लीत भाजी आणायला ठीक. दुसरी मधली. तिला नंबर होता, लायसन लागत होतं, पण सीटखालची बॅटरी हँडल धरून बाहेर काढता यायची. म्हणजे घरात नेऊन गहू-तांदळाच्या डब्यांशेजारी चार्जिंगला लावली की झालं. तिची टेस्ट राइड मी हायवेच्या पुलावर घेतली. मागं शोरूमचा धष्टपुष्ट माणूस बसलेला, तरी ती चढ चढून गेली. तिसरी मोठी. तिला स्क्रीन, तिच्यात गाणी, ती म्हणे मागंही जाते. पण तिला वेगळा पॉइंट पाहिजे, आमच्या घरची वायरिंग तिच्यापुढं टिकली नसती, आणि बिघडली की नागपूरला न्या. नाकापेक्षा मोती जड.

दुकानदाराच्या बोलण्यावर मी विसंबले नाही. रस्त्यावर अशी गाडी दिसली की मालकाला गाठून विचारायची, एकदा चार्ज केली की खरंच किती चालते. एका गुरुजींनी मला लाख मोलाचं सांगितलं. म्हणाले, "कंपनी सांगते तो हिशेब एकट्या बारीक माणसाचा असते, ताई. तोही वारा मागून असन तं." मी हसले आणि मधलीवर शिक्कामोर्तब केलं. लायसनचा तर प्रश्नच नव्हता. माहेरी सिहोऱ्याला असताना भावाच्या स्कूटरवर शिकले होते, लायसन तेव्हाचंच पर्समध्ये होतं.

आणि मग खरेदीचा दिवस उजाडला. भासरे आमच्याबरोबर आले, त्याचं मला काही नव्हतं. पण त्यांनी येताना घरून तांदळाचा एक भरलेला कट्टा, म्हणजे पोतं, आणलं होतं. शोरूममध्ये, त्या चकचकीत फरशीवर, तांदळाचा कट्टा. मला आधी वाटलं, कुणा पाहुण्याकडे पोहोचवायचा असेल. तर ते एकेका गाडीच्या फुटबोर्डावर तो कट्टा ठेवून पाहायला लागले. आमच्याकडे गाडी अशीच पारखतात, हे मी नाकारत नाही. धान गिरणीवर न्यायचं, तांदूळ परत आणायचा, लेकीबाळींकडे पोहोचवायचा. ज्या गाडीवर कट्टा बसत नाही ती कसली गाडी? पण अरे, मी रक्ताच्या नळ्या नेणार होते, तांदूळ नव्हे.

मधल्या गाडीच्या फुटबोर्डावर मधोमध उंचवटा होता. कट्टा कलंडला. छोटीवर तो असा बसला, जसा काही तिच्यासाठीच शिवला होता. भासऱ्यांनी मान हलवली. "हे बरी हाय. लायसनबी नाही लागत. बाईमाणसाले पोलीस अडवत नाही."

माझ्याकडे लायसन आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. कसं असणार, मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे, पण माझ्या तोंडचं ऐकू आलं तरी ऐकलं असं त्यांनी धरायचं नाही, ही रीत. मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना सांगा, लायसन आहे माझ्याकडे. अन् हे गाडी पुलाचा चढ नाही चढत."

नवरा भासऱ्यांकडे वळून म्हणाला, "ते म्हणते, दुसरीबी पाहून घ्या."

मी त्याच्याकडे पाहातच राहिले. "मी असं म्हटलं का जी? चढ नाही चढत म्हटलं मी. रोज हायवेनं जाणं आहे मले."

"ते म्हणते, चढाचं कसं काय?"

सेल्समन मध्येच तोंड घालून म्हणाला, "साहेब, चढाचं काही टेन्शन नाही." साहेब म्हणजे भासरे. आधी मी एकटी जायची तेव्हा हाच माणूस मॅडम, मॅडम करत मागं फिरायचा. आता मी तिथं नव्हतेच. तोंड उघडून सरळ त्यांना सांगितलं असतं, तर दुकानात चारचौघांत सुनेनं भासऱ्याचा अपमान केला असं झालं असतं, आणि ते गावभर झालं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. छोटी घरी आली. जावेनं तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मी सगळ्यांना साखर वाटली.

त्या गाडीचं वर्णन काय करू. गल्लीत गरीब, हायवेवर भिकारी. पुलाच्या चढावर ती अशी रडायची की सायकलवाले पुढं जायचे. मागून ट्रक हॉर्न देत येणार, मी मातीच्या कडेला सरकणार, डिक्कीतल्या थंड डब्यात नळ्या हादरणार. तरी सकाळी पूर्ण चार्ज असली की कशीबशी पोहोचायची. पण पूर्ण चार्ज ती असेल तर ना. मी दुपारी घरी आले की भासरे तिच्यावर कट्टे घालून गिरणीवर जायचे. एक खेप, कधी दोन. गाडीच अशी पाहून घेतली होती त्यांनी, नेणारच. शिशाच्या बॅटरीला भरायला रात्र पुरत नाही, त्यात आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. सकाळी मी अर्ध्या पोटाची गाडी घेऊन निघायची. नवऱ्याला रोज सांगायची, भाऊले म्हणा, गाडी नका नेऊ. तो रोज म्हणायचा, सांगतो. गाडी रोज जात होती.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी पुलाच्या अलीकडे ती थांबली. हूं नाही की चूं नाही. मी तिला ढकलत चढ चढले. धोंड्याची बॅटरी घेऊन पूल चढून पाहा कधी, म्हणजे कळेल. उतारावर तिच्यावर बसून घरंगळत गेले आणि पुढं पुन्हा ढकलत. तीन घरचे लोक उपाशी बसून होते. एकाही घरचं रक्त वेळेवर पोहोचलं नाही. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी वाट पाहिली. आजपासून ते काम दुसऱ्याला दिलं. तुमचा हिशेब करून घ्या."

बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. लॅबच्या पॉइंटवर गाडी थोडी चार्ज होईपर्यंत तिथंच बसावं लागलं, हे वर.

घरी आले तर अंगणात भासरे तयारच. शेजारी तांदूळ करायला काढलेल्या धानाचा कट्टा. मी गाडी स्टँडला लावली आणि ते कट्टा उचलून पुढं आले. नवरा दारात उभा होता. या वेळी मी पदर घेऊन आत जायला पाहिजे होतं. माझे पाय हलले नाहीत.

"थांबा जी," मी म्हटलं. सरळ त्यांना.

त्यांनी दचकून नवऱ्याकडे पाहिलं. "काय म्हणते रे ते?"

"त्यांच्याकडे पाहू नका. मी तुमच्याशी बोलून राहिली." माझा आवाज इतका चढला की जाऊ स्वयंपाकघरातून बाहेर आली. "लायसन आहे माझ्याकडे, लग्नाच्या आधीपासून. हे गाडी चढ चढत नाही, मी दुकानातच सांगत होती. तुम्ही हिच्यावर धान वाहता अन् सकाळी मले ढकलत न्यावं लागते. आज काम गेलं माहं. घ्या, आता दिवसभर कट्टे वाहा."

भासऱ्यांनी कट्टा खाली ठेवला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काम गेलं? म्हणजे?"

"म्हणजे काय जी? गाडी नसन तं काम जाते, असं डॉक्टर म्हणले होते. तुम्हाले मालूम होतं."

"मले कोण सांगितलं?" त्यांचा आवाज खरंच गोंधळलेला होता. "मले तं यानं म्हटलं, बाईले बाजारहाटाले गाडी पाहिजे, कोणतीबी चालन."

कोणतीही चालेल. माझ्या कानशिलांत सणक गेली. इतके दिवस मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते. त्यांचा कट्टा, त्यांची मान हलवणं, त्यांचं बाईमाणूस. आणि ज्याच्यावर भरवसा ठेवून मी गप्प बसले, तो दारात उभा राहून चौकटीचा रंग नखानं खरवडत होता.

"काहून नाही सांगितलं बे?" भासऱ्यांनी त्याला विचारलं.

"भाऊ, तुम्ही म्हटलं असतं, बाईमाणसाले कायले पाहिजे रोजचं भंडाऱ्याचं जाणं. घरात कटकट झाली असती. म्हणून म्हटलं..."

"मी काय म्हटलं असतं, हे तू ठरवलं?"

मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. बोला म्हटलं, मला सांगा, मला उत्तर पाहिजे. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत तो म्हणाला, "भाऊ, तिले म्हणा ना आत जाय म्हणून. लोक पाहून राहिले."

"तूच म्हण," भासरे म्हणाले. कट्टा त्यांनी खांद्यावर घेतला आणि पायीच गिरणीकडे निघाले.