रिकाम्या वर्गातला श

कुठल्याही खोलीत शिरली की श्वेता एक टाळी वाजवायची. मग मान वाकडी करून ऐकायची. पंखा न विचारता बंद करायची. नवा खडू आधी मोडायची. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो म्हणून. चहा बशीत ओतायची आणि विसरायची. राग आला की तिचा आवाज चढायचा नाही, खाली जायचा. यंदाच्या मे महिन्यात तो इतका खाली गेला की मला वाकून ऐकावं लागायचं.

टाळीची सवय त्याच महिन्यातली.

श्वेता घाडी माझी लहानपणापासूनची मैत्रीण. कांदिवलीतल्या एका मराठी शाळेत पहिलीची बाई. जूनपर्यंत पुरेशी मुलं आली नाहीत तर पहिलीचा वर्ग बंद होणार होता. संस्थेचे सचिव चंद्रप्रकाश सर तिला म्हणाले, "बाई, एखादा व्हिडिओ करा. आईबाप हल्ली फोनवरच बघतात सगळं."

तिने केला. सुट्टीतल्या रिकाम्या वर्गात, फळ्यापाशी उभी राहून 'श'चा धडा. शेवटी एक वाक्य : "या, आमच्या शाळेत या." वस्तीच्या ग्रुपवर टाकला. लगेच कोणीतरी लिहिलं, 'शाळा विहिरीत भरते काय?' त्याखाली दुसऱ्याने, 'रिकामी वाटते.'

दुसरं तिला लागलं.

"तू मराठीची एमए ना? ऐक हे."

मी ऐकलं. प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येत होता आणि पुढच्या शब्दावर पडत होता.

"वाक्य बरोबर आहे," मी म्हटलं.

"वाक्य नाही गं, खोली! वर्षभर याच खोलीत घसा फोडते मी. कधी घुमलं नाही."

"तेव्हा पोरं होती."

"म्हणजे पोरं यायला व्हिडिओ पाहिजे, आणि व्हिडिओला पोरं पाहिजेत. झकास."

मग ती पेटलीच. आवाज साफ करणारं ॲप घेतलं. त्याने घुमणं खाल्लं, सोबत 'श'ही खाल्ला. "आमच्या आळेत या." भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. शिपाई शिवदास म्हणाला, "बाई, कोंबड्या पाळताय काय?" ट्रे पडले, घुमणं राहिलं. कॉलरला माइक लावला. थोडा फरक पडला, पण फळ्याकडे वळून मोठ्याने बोलली की पुन्हा विहीर.

"घरी कर ना रेकॉर्ड," मी म्हटलं.

"घरी शिकवते का मी? वर्ग दिसला पाहिजे."

खालच्या मजल्यावर त्याच संस्थेचं इंग्रजी माध्यम. तिथे जाड पडदे होते. ती सचिवांकडे गेली. मी दारात.

"ते पडदे इंग्लिश मीडियमचे आहेत, बाई."

"एका सकाळपुरते, सर."

"आणि घुमलं तर बिघडतं काय? देवळातही घुमतंच की."

"देवळात देव ऐकतो. इथे आईबापांनी ऐकायचंय."

पडदे मिळाले नाहीत. तिने घरून गोधड्या काढल्या. तिची आई दारात आडवी आली. "अगो, माझी गोधडी शाळेत कित्याक व्हयी तुका?"

"भिंतीक थंडी वाजता, आये."

दोऱ्या बांधून आम्ही गोधड्या लटकवल्या, फोनच्या मागे आणि दोन्ही बाजूंना, चित्रात येणार नाहीत अशा. मी म्हटलं, पट म्हणजे मुलांची संख्या आणि पट म्हणजे कापडही.

"मग बरंय. मुलांचा पट नाही, गोधड्यांचा तरी."

तिने टाळी वाजवली. टाळी जागीच विझली. ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा.

मी माझ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तिने खडू मोडला. शहाळं, शेंग, शिट्टी. प्रत्येक 'श' वेगळा, कोरडा, कानाशी. धडा संपला. ती फळ्यापासून वळली, पदर सारखा केला, शेवटच्या वाक्यासाठी श्वास घेतला. तेवढ्यात दारात सचिव. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"अरे, हे अजून चालूच? बाई, वर्ग बंद करायचा प्रस्ताव एप्रिलमध्येच गेला. तुमचं नाव अतिरिक्त शिक्षकांत आहे. गोवंडीला पाठवतील बहुतेक."

"एप्रिलमध्ये?" तिचा आवाज तळाला गेला. "मग मे महिन्यात व्हिडिओ करा म्हणालात, ते कशाला?"

"तुम्हाला हौस होती. म्हटलं, करू दे."

मी उभी होते. भाषेत पदवी घेतलेली बाई मी. हौस. साधा, घरगुती शब्द. तो असा फेकून मारता येतो हे मला माहीत नव्हतं.

"सर," श्वेता म्हणाली, "आपण जे बोललात ते या खोलीत पहिल्यांदा इतकं स्वच्छ ऐकू आलं."

ते खांदे उडवून गेले. तिने आईची गोधडी काढली, घडी घातली, छातीशी धरली.

"वाक्य राहिलंय," मी म्हटलं. "श्वेता, एकच वाक्य. बोल ना."

"कुठल्या शाळेत बोलवू गं?"

ती जिना उतरून गेली.

तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. 'श'चा धडा पूर्ण, कुठेही घुमत नाही. त्यानंतर ती वळते, पदर सारखा करते, श्वास घेते. पुढचं वाक्य घ्यायचं राहिलं आहे.