खवल्यांची साक्ष

वादळाला, सापाला आणि साहेबाला भिणारी माणसं मी मालवणात ढीगभर पाहिली, पण कोळंबीला भिणारा माणूस अख्ख्या किनाऱ्यावर एकच झाला, आमच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका. धर्माने ज्यू, मूळचे अलिबागेकडचे. त्यांचे पूर्वज म्हणे जहाज फुटून कोकणात लागले, तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले. पण शनिवार पाळायला आणि बिनखवल्यांची मासळी टाळायला विसरले नाहीत. आता मालवणात राहून सुंगटं म्हणजे कोळंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे, मोरी म्हणजे शार्क, हे सगळं टाळायचं म्हणजे काय गंमत आहे? मी आणि माझी सासू मासे विकायला बसायचो. काका बाजारात शिरले की ऊन नसलं तरी छत्री उघडायचे आणि सुंगटांच्या टोपल्यांच्या बाजूला आडवी धरून अंग चोरत चालायचे. तरी एकदा एका ताज्या सुंगटाने उडी मारलीच, थेट त्यांच्या पिशवीत. काका पिशवी तिथेच टाकून दवाखान्यापर्यंत पळाले! तशी भीती त्यांना सगळ्याचीच, विजेची, कुत्र्याची, देवबागेच्या होडीची, आपल्याच हातच्या औषधाचीसुद्धा.

एकदा सासूने त्यांच्यासाठी तांबोशी, म्हणजे लाल खवल्यांचा मासा, मुद्दाम साफ करून ठेवली. काका पांढरेफटक पडले. "वहिनी, हिचे खवले कुठे आहेत?"

"काडलंय ते! खवल्यांसकट खातास काय?"

"खवले डोळ्यांनी बघितल्याशिवाय मासा चालत नाही हो आम्हाला." आणि उपाशी राहिले बिचारे. तेव्हापासून त्यांचा मासा आम्ही कधी खरवडला नाही.

मग एके दिवशी काका आले ते छत्रीशिवाय. पायजमा सुंगटांच्या टोपलीला घासत होता, तरी त्यांना पत्ता नाही. सासू म्हणाली, "काय झाला ओ काकानू?"

"इस्राएलला गेलेल्या मुलीचं लग्न अडलंय, वहिनी. तिकडे युरोपातले ज्यू आहेत, बगदादचे, येमेनचे आहेत. पेहराव वेगळा, बोली वेगळी, सगळे ज्यूच. आम्हालाच धर्मगुरू विचारतात, तुमच्या आज्या-पणज्या खऱ्या ज्यू होत्या कशावरून? साक्ष द्यायला मला जायला हवं. पण त्यांनी तोंडावर नाही म्हटलं, तर मी इतकी वर्षं कोण होतो?"

इतके दिवस आम्ही त्यांच्या भीतीला हसलो, याची मला लाज वाटली.

आगबोटीच्या दिवशी सासूने खारवलेली तांबोशी त्यांच्या हातात दिली, खवल्यांसकट. "थंय दाखवा ही. आणि सांगा, मालवणच्या बाजारात येवन इचारा. ह्या माणसान जल्मात एक सुंगट तोंडात घालूक नाय!" काका हसले, रडले आणि समुद्राला भीत भीत, डोळे गच्च मिटून आगबोटीकडे नेणाऱ्या होडीत बसले. छत्री मात्र तांबोशीवर धरली होती.

मुलीचं लग्न झालं, असं मागाहून कानावर आलं. काकांना तिथे कोणी काय विचारलं, ते काय बोलले, कळलं नाही. सासू मात्र शेवटपर्यंत, बाजारात परका माणूस दिसला की पदर सावरून बसायची. साक्षीला तयार.

विचारायला कोणी आलंच नाही.