दादासाठी रिव्हॉल्वर बघताना

अल खर्जमध्ये दुपारचे चार वाजतात तेव्हा आमच्या गावाकडे साडेसहा झालेले असतात. हा हिशेब मी पूर्वी कधी मुद्दाम करत नव्हतो. आता तो आपोआप होतो. चारच्या दुधाचे नमुने प्रयोगशाळेत येतात, मी बाटल्या रॅकमध्ये लावतो आणि हातमोजा काढून फोन बघतो. गावाकडे अंधार पडत असतो. दादा घरी पोचला का, एवढंच मला बघायचं असतं.

मी इथल्या एका मोठ्या डेअरी फार्मवर केमिस्ट आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत शिकलो, तिथल्याच कॉलेजात बी.एस्सी. केलं, आणि हे सगळं मोठ्या भावामुळे झालं. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लागला. ट्रॅक्टर नदीतून वाळू वाहायचा. माझी हॉस्टेलची फी, प्रयोगशाळेचा पांढरा कोट, सौदीला येतानाचं तिकीट, सगळं त्या वाळूतून आलं. हे मी कधी लपवलं नाही.

गेल्या काही वर्षांत त्याच नदीत यंत्रं उतरली. नदी खोल गेली आणि गावातल्या विहिरी आटल्या. दादानं तहसीलदारांकडे तक्रारी करायला सुरुवात केली. वाळूवाले त्याला चौकात गाठून टोमणा मारायचे, "तुझ्या भावाची डिग्री काय गंगाजळातून आली का?" दादा म्हणायचा, "वाळूतूनच आली. म्हणून तर मला माहीत आहे तुम्ही किती काढता ते." दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याच्या मोटरसायकलला मागून डंपरनं धक्का दिला. तो नाल्यात पडला आणि उजवं मनगट मोडलं. माझ्या रजेचा अर्ज तेव्हा मंजूर झाला नाही. "प्लास्टर निघालं, हात एकदम बरा झाला," असं त्यानं फोनवर सांगितलं आणि मी ते मानलं.

त्या प्रकारानंतर त्यानं स्वसंरक्षणासाठी हत्याराचा परवाना मागितला. बरेच हेलपाटे, चौकशा झाल्या आणि परवाना मिळाला. अट अशी होती की ठरलेल्या मुदतीत हत्यार विकत घेऊन पोलीस ठाण्यात नोंदवायचं. एकदा मुदत वाढवूनही झाली होती. शेवटचा महिना उरला तेव्हा दादाचा फोन आला.

"तुझं इंटरनेट चांगलं. जरा बघ ना, जुनं, पण चांगलं रिव्हॉल्वर कुठं मिळतंय. नवं लाखाच्या वर जातंय."

"नवंच घे दादा, मी पाठवतो."

"तुझ्या पोरीची शाळा आहे. माझ्या कमरेला लाख रुपये बांधून मी काय लग्नाला चाललोय का?"

दादानं आयुष्यात माझ्याकडे प्रथमच काही मागितलं होतं. मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या संगणकावर बसलो आणि शोध सुरू केला. आपण कुठल्या देशात, कुणाच्या संगणकावर हे टाईप करतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिकलेल्या माणसाची ही अशी अक्कल. तासाभरात कंपनीच्या आयटी विभागातला हैदराबादी सहकारी दारात उभा.

"क्या भाई, किसको टपकाने का प्लान है? मुदीर ने देख लिया तो इकामा भी खलास, तुम भी खलास."

मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर आणि इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. मी हसायचा प्रयत्न केला, पण पुढचे चार दिवस ऑफिसचा फोन वाजला की मी आधी मुदीरच्या दाराकडे बघायचो. नंतर कळलं की त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण बाजाराची कल्पना तेवढ्या तासात आली होती. जुन्या विलायती रिव्हॉल्वरच्या किमती जमिनीच्या भावासारख्या. देशी सरकारी कारखान्यातलं जुनं .३२ बोअरचं साठ-पासष्ट हजारांत मिळू शकेल, पण चांगलं असेल तर विकणारा विकतो कशाला, हा प्रश्न. शिवाय काही जाहिराती अशा की परवान्याची गरज नाही, घरपोच देऊ. त्या मी लगेच बंद केल्या.

"त्यातले निम्मे चोर आणि निम्मे साध्या कपड्यातले पोलीस," फौजी म्हणाला.

फौजी हा आमच्या प्लँटवरचा मेन्टेनन्सचा फोरमन. साताऱ्याकडचा, वयानं पन्नाशीच्या पुढे. भारतीय सैन्यात तो शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर होता. तिथून निवृत्त झाला, पोरांची शिक्षणं बाकी म्हणून इथं आला. आता रायफलींच्या जागी दूध खेचणारी यंत्रं दुरुस्त करतो. मी त्याला काका म्हणतो, तो मला केमिस्टसाहेब. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "परवाना आहे ना? मग सरळ परवानाधारक दुकानात जायचं. दादांना सांगा, दुकानातून व्हिडिओ कॉल करा. मी बघतो. मुलगी बघायला जातात तसं बघायचं. आधी चालायला लावायचं."

पुण्यातल्या एका जुन्या दुकानात विक्रीला ठेवलेली दोन रिव्हॉल्वर होती. शुक्रवारी माझी आणि फौजीची सुट्टी. दादानं त्या दिवशी पुण्याला जायचं ठरवलं.

बुधवारी दुपारी वहिनीचा फोन आला. दादा घरी नसताना ती कधी फोन करत नाही.

"भाऊजी, एक विचारू? ते घेतल्यावर हे सुरक्षित होतील असं तुम्हाला खरंच वाटतं?"

मी म्हटलं, "वहिनी, जवळ असलेलं बरं. समोरचा दहादा विचार करेल."

"समोरच्याचं जाऊ द्या. ह्यांचं बोला. आता हे अंधाराच्या आत घरी येतात. नदीकडे एकटे जात नाहीत. का? तर भीती वाटते म्हणून. लग्नाला एकवीस वर्षं झाली, हा माणूस घाबरतो हे मला आत्ता कळलं, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. कमरेला ते आलं की हे एकटे जातील. डंपर अडवतील. तिकडं आठ-दहा जण असतात, भाऊजी."

ती पुढे म्हणाली, "तुम्ही नको म्हटलं तर ऐकतील. माझं ऐकणार नाहीत. मी सांगितलं असं मात्र सांगू नका."

त्या दिवशी मी एकाच नमुन्याची फॅट दोनदा तपासली आणि दोन्ही वेळा आकडा लिहायचा विसरलो. ज्या माणसानं माझ्यासाठी शाळा सोडली, त्यानं मागितलेली एकमेव गोष्ट मी नाकारायची कशी? आणि ती दिली आणि वहिनी म्हणते तसं झालं, तर मी तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहणार? रात्री आम्ही राहतो त्या कॅम्पच्या गच्चीवर मी येरझाऱ्या घालत होतो. खाली गोठ्यांचे पंखे फिरत होते आणि वाऱ्याला ओल्या चाऱ्याचा वास होता.

गुरुवारी मी फौजीच्या खोलीत गेलो. तो बनियनवर बसून बटाटे चिरत होता.

"काका, उद्या दोन्ही रिव्हॉल्वर खराब आहेत असं सांगाल का?"

त्यानं सुरी थांबवली. "का?"

मी वहिनीचं सांगितलं. त्यानं हातातला बटाटा चिरून संपवला, मग म्हणाला, "केमिस्टसाहेब, दूध चांगलं असताना तुम्ही नापास लिहिता का?"

"नाही."

"कुणी पाया पडून सांगितलं तर?"

"नाही लिहिणार."

"मग मला का लिहायला लावताय? पंचवीस वर्षं मी दुसऱ्याच्या हातात द्यायची हत्यारं पास-नापास केली. चुकीचं पास केलं तर माणूस मरतो. चुकीचं नापास केलं तरी मरतो. तुमच्या तोंडून नाही म्हणायची हिंमत होत नाही, म्हणून माझ्या तोंडून म्हणायचं?" मग जरा मऊ आवाजात, "बसा. पोहे खाणार?"

पोहे तसेच ठेवून मी उठलो.

शुक्रवारी सकाळी नऊला दादाचा कॉल आला. पुण्यात साडेअकरा. दुकानाचा म्हातारा मालक कुरकुरत होता, "फोनवर कसली तपासणी? माझ्या आजोबांपासून दुकान आहे."

फौजी म्हणाला, "शेठ, तुमच्या आजोबांवर विश्वास आहे. हत्याराची ओळख नाही, म्हणून विचारतो. आधी रिकामं आहे ते दाखवा."

पहिल्यात गोल फिरणारा भाग, ज्यात गोळ्या बसतात, तो बंद केल्यावरही किंचित हलत होता. फौजी त्याला चरखी म्हणायचा. "चरखी खुळखुळते. ठेवा बाजूला." एवढ्यावर ते संपलं.

दुसरं एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचं. तो वारला होता आणि बायकोनं ते दुकानात विकायला दिलं होतं. नळीत टॉर्च मारून झाली, चरखी फिरवून झाली, प्रत्येक खटक्याचा आवाज फौजीनं डोळे मिटून ऐकला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काहीतरी खोट निघावी असं मला वाटत होतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

"माल चांगला आहे," तो म्हणाला. माझी ती आशा संपली. "आता दादा, तुम्ही हातात घ्या. शेठ, डमी गोळ्या घाला आणि फोन तुम्ही धरा. दादा, तोंड भिंतीकडे. उजवा हात, एकच. घोडा मागे ओढायचा नाही, नुसता ट्रिगर दाबायचा."

दादानं हात पुढे केला. मी त्याला दोन वर्षांनी असं पूर्ण, उभं बघत होतो, एरवी फोनवर नुसता चेहरा दिसतो. केस किती पांढरे झाले होते. त्यानं ट्रिगर दाबला तशी नळी खाली झुकली. अर्ध्यावरच बोट थांबलं. त्यानं डावा हात खाली लावला.

"एकाच हातानं, दादा."

"पहिल्यांदा जडच जातं," मालक म्हणाला. "सवय होते."

दादानं परत प्रयत्न केला. या वेळी मनगट थरथरलं, चांगलं दिसेल इतकं. तिसऱ्या वेळी खटका पडला, पण तोवर नळी जमिनीकडे गेली होती.

"मनगटाला काय झालंय?" फौजीनं विचारलं.

"काही नाही. मागं जरा लागलं होतं."

"जरा लागलेलं असं थरथरत नाही."

"आत स्टीलची पट्टी बसवली आहे. पूर्ण वळत नाही." हे त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी म्हटलं, "दादा, तू मला हात बरा झाला म्हणालास."

"मग काय सांगू? तू तिकडून येऊन मनगट फिरवणार होतास?"

फौजीनं फोन माझ्या हातातून घेतला. त्याचा आवाज आता कोर्टात साक्ष देणाऱ्या माणसासारखा होता. "दादा, खोटं सांगत नाही. हत्यार पास आहे. पण तुम्ही ते कमरेतून काढून वर आणेपर्यंत समोरचा तुमच्या हातातून घेईल. मग ते तुमचं राहणार नाही, त्याचं होईल."

मागे रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता. दादा म्हणाला, "डाव्या हातानं शिकता येईल?"

"येईल. पण रोज सराव लागेल, वर्षभर तरी."

"माझ्याकडं एकोणीस दिवस आहेत."

"मला माहीत आहे."

दादानं रिव्हॉल्वर काचेच्या काउंटरवर ठेवलं आणि डाव्या हातानं मालकाकडे सरकवलं. "ठेवा शेठ. तुमचा वेळ घेतला." मग फोनकडे वाकून फौजीला म्हणाला, "तुमचे आभार हां. एवढं स्पष्ट आमच्या गावात कुणी बोलत नाही."

संध्याकाळी वहिनीचा मेसेज आला. "हे आले. जेवले. काही बोलत नाहीत. तुम्ही काय केलंत?" मी काहीच केलं नव्हतं. नाही म्हणालो नव्हतो, हो निभावलं नव्हतं. तिला लिहिलं, "मी आलो की बोलू." रजेचा अर्ज त्याच दिवशी परत टाकला.

मुदत गेली. दादाची तक्रार मात्र चालू आहे. मी त्याच्याकडून एकच कबूल करून घेतलं, घरी पोचलास की रोज कळवायचं.

"मी काय शाळेतून येतो का रे?"

"मी शाळेतून यायचो तेव्हा तू फाट्यावर उभा असायचास."

तेव्हापासून चारच्या आसपास त्याचा नुसता अंगठा येतो, शब्द नाही. डाव्या हातानं टाईप करायचा त्याला कंटाळा येतो.

परवा चार वाजले, अंगठा नाही. सव्वाचार, नाही. नमुने समोर तसेच पडलेले. फौजी पंपाच्या कामाच्या निमित्तानं प्रयोगशाळेत आला आणि काम नसताना थांबून राहिला. मी वहिनीला फोन लावला, ती म्हणाली, "अजून नाही आले, मी दारातच आहे." पावणेपाचला दादाचाच फोन.

"तहसीलदार उशिरा भेटले रे. निघालो आता."

"बरोबर कोण आहे?"

"शेजारचा पाटील आहे, मास्तर आहेत. दोन गाड्या आहेत. ठेव."

"ठेवू नको. घर येईपर्यंत चालू ठेव."

"पैसे जळतायत ना रे तुझे?" तो हसला. पण त्यानं ठेवला नाही. फोन खिशात टाकला असावा, कारण नंतर मला फक्त वारा आणि मोटरसायकलचा आवाज येत होता. मी स्पीकर लावून फोन रॅकशेजारी ठेवला आणि पहिली बाटली उघडली. फौजी स्टूल ओढून बसला. आवाज मध्येच तुटायचा, तेव्हा आम्ही दोघंही मान वर करायचो.