भिंगरी आणि दुपारचं फूल

त्याला सगळे भिंगरी म्हणत. काम लिफ्ट दुरुस्तीचं. कुठे दार अडकलं, कुठे माणूस आत कोंडला, की याचा फोन वाजायचा आणि हा हातातला घास ताटात टाकून पळायचा. बरं, फोन नाही वाजला तरी बूड कुठे टेकेल तर शपथ! बायको घरीच शिवणकाम करायची. मशीनवरून मान न उचलता ती म्हणायची, "अहो, पाच मिनिटं बसा तरी. फरशी झिजेल."

असल्या माणसाने लावायचंच तर मिरचीचं झाड लावावं, पटकन येणारं काहीतरी. पण नाही! याचा जीव जडला लिथॉप्सवर. बोटाच्या पेराएवढं झाड. खोड नाही, फांदी नाही, नुसती दोन जाडजूड पानं एकमेकांना चिकटलेली आणि मधे एक चीर. खडीत ठेवलं तर खडाच वाटावं. पाणी पानांतच साठलेलं, त्यामुळे वरून द्यायचं ते अगदी क्वचित. नवी पानं येतात ती जुन्या पानांतलं पाणी शोषून, आणि जुनी सुकत जातात. तेव्हा तर थेंबसुद्धा घालायचा नाही. माती थोडी, खडी जास्त, ऊन भरपूर. थोडक्यात काय, काही न करणं हीच त्याची सेवा, आणि नेमकं तेच आमच्या भिंगरीला जमेना.

पानं सुरकुतली की याचा जीव खालीवर. "तहानलंय गं ते!" म्हणत तांब्या घेऊन हजर. पहिली रोपं सडली. पुढची रोपं, मुळं धरली का म्हणून उपटून बघितली, तीही गेली. शेवटी उरलेली एकुलती कुंडी बायकोने आपल्या मशीनशेजारच्या खिडकीत नेली आणि बजावलं, "याला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे." म्हणून ते रोप जगलं. बियांपासून वाढायला त्याने वर्षंच्या वर्षं घेतली, आणि यंदा चिरेतून कळी डोकावली. एकच. वर्षभरात दुसरी येण्याची आशा नाही. भिंगरीने घर डोक्यावर घेतलं.

पण या फुलाची एक खोड. ते दुपारच्या लख्ख उन्हात उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. भिंगरी सकाळी बाहेर पडायचा तो अंधार पडल्यावर घरी.

"उघडलं होतं हो आज," बायको म्हणाली. "पिवळंधमक! पानं दिसेनाशी झाली खाली."

"आणि आता?"

"आता मिटलं."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिने फोटो दाखवायला फोन पुढे केला, तर हा तोंड फिरवून बसला. फोटो काय बघायचा? मग साहेबांच्या हातापाया पडून अर्ध्या दिवसाची रजा मिळवली, तर आभाळ भरून आलेलं. ऊन नाही, मग फूल कसलं! अख्खी दुपार खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"तुमच्या येरझाऱ्यांनी माझी शिवण वाकडी होतेय," बायको म्हणाली.

"चार दिवसांत कोमेजेल ते! मग?"

तिने मशीन पुन्हा चालू केलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली आणि हा कुंडीसमोर उभा राहिला. अडकलेलं दार उघडायची त्याच्या हाताला सवय. फटीत बोटं घालायची, हळूच ताण द्यायचा, दार सरकतं. उभा जन्म त्यात गेलेला. त्याने मिटलेल्या फुलात नखं घातली. हळूच ताण दिला. अर्ध्या पाकळ्या हातात आल्या.

बायको बाहेर आली तेव्हा तो तसाच उभा होता. आता कडाडणार, असं त्याला वाटलं. ती खाली बसली आणि रडायलाच लागली.

"मला विचारायचं तरी!" ती म्हणाली. "दिवसभर त्याच्यासोबत मी असते."

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी त्याने कामावरच्या जोडीदाराला फोन करून सांगितलं, "आज सगळे फोन तू घे, मी येत नाही." आणि खिडकीसमोर स्टूल ओढून बसला. अहो, काय ते बसणं! पाय हलतायत, बोटं वाजतायत, दोनदा उठला, दोनदा स्वतःलाच शिवी घालून परत बसला. मशीन खडखडत होतं. दुपारी ऊन खिडकीत आलं, आणि कुणीही हात न लावता उरलेल्या पाकळ्या सुटू लागल्या. एका बाजूला पिवळ्याधमक, दुसऱ्या बाजूला नुसतेच पाकळ्यांचे फाटके धागे. अर्धं फूल. त्याचे डोळे भरून आले.

मशीन थांबलं. बायको दोन कप चहा घेऊन आली, एक त्याच्या हातात दिला आणि शेजारी टेकली.

"रोज याच वेळी घेतेस चहा?" त्याने विचारलं.

"हो."

"एकटीच?"

तिने चहावर फुंकर घातली.

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली.