अकरानं भाग जातो
वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं, की त्या ओल्या वासासरशी मला भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली एक दुपार आठवते, स्वातंत्र्यानंतरच्या दोनचार वर्षांतली. आई नुकतीच गेली होती. माझे वडील, नाना, मालगाडीवर गार्ड; ड्युटीवरून येऊन बुटांसकट खाटेवर पडायचे, पण डोळा लागायचा नाही. मी गप्प बसावं म्हणून त्यांनी पाटीवर आकडा लिहून दिला, ३६२८८०१. म्हणाले, "दोनपासून दहापर्यंत कशानंही भाग, बाकी एकच उरतो बघ. माझ्यासारखा." मी भागत गेले, आणि खरंच, दर वेळी एकच उरला. मग अकराचा पाढा सोपा म्हणून अकरानं भागलं आणि ओरडले, "नाना, बाकी शून्य!" ते उठले, पाटी पुसून त्यांनी स्वतः भागून पाहिलं. फार थकले की ते धुळ्याकडचं, घरचं बोलत. "बठ्ठं सरी जास, बाई," सगळं सरून जातं, एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले; बूट मी काढले. आता घरात पडद्यावर पाणी मारायला माझ्याशिवाय कुणी नाही. फोन ठेवताना लेक विचारते, "बाकी काय, आई?" मी म्हणते, "बाकी एक. अजून तरी."