दोराच्या रेघेत

ओल्या पोत्याचा वास आला की आजही माझं डोकं तडकतं, तेही स्वतःवरच.

सोनाळ्याला सरकारी विहिरीचं काम होतं. मी नवा ओव्हरसियर. हॅट मोठी, आतला ऐवज बेताचा. माणसं विहिरीत सोडण्याआधी दोराची परीक्षा चालली होती. एक टोक कडुलिंबाला, दुसरं बैलांच्या जुवाला. तुटल्यावर दोर उसळू नये म्हणून गणपत मिस्त्रीने त्याच्यावर ओलं पोतं टाकलं होतं. मला दोर किती ताणला जातो ते पट्टीने मोजायचं होतं. मी पोतं उचलून फेकलं.

"साहेब, बाजूले व्हा! दोराच्या रेघेत काऊन उभे राह्यले?" मिस्त्री ओरडला.

"मले शिकवतो काय बे?" मी डाफरलो आणि वाकलो.

दोर कडाडला. मिस्त्रीने मला ढकललं, म्हणून तुटकं टोक माझ्या तोंडाऐवजी त्याच्या दंडावर बसलं. रक्त पुसायच्या आधी त्याने माझ्या कानाखाली वाजवली.

"मराचं असन त घरी मर! इथं माह्या माणसायले खाली उतराचं हाये!"

गावादेखत थप्पड! मी संतापाने रिपोर्ट लिहिला: दोराचा दोष मी हुडकला, नवा दोर द्यावा; मिस्त्री उद्धट, काढून टाकावा. आठवड्यात दोन्ही मंजूर.

निघताना गणपत नवा दोर ताणून बघू लागला. "त्याले हात लावू देऊ नका!" मी ओरडलो. माझं कुणी ऐकलं नाही; त्या दोराचा कच्चा भाग वरच तुटला, म्हणून ती माणसं विहिरीतून जिवंत वर आली.